कुलूप मोडू नका, किल्ली मागा

संगणकाच्या अंतरंगात हात घालू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक वाक्य कधी ना कधी भेटतेच. त्याचा अर्थ ‘परवानगी नाकारली’. ते इंग्रजीत येते, आणि मराठी वा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला ते कोणी खडसावल्यासारखे वाटते. मग कानावर आलेला एखादा मंत्र म्हणून तो कुलूपच मोडतो. या सवयीविरुद्ध चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

हे कुलूप आहे तरी कशासाठी? अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचे काम आरंभिले. एकाच यंत्रावर अनेक माणसे काम करीत. एकाने दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, म्हणून फाईलीला मालक आणि परवानग्या आल्या. आजच्या लिनक्समध्येही तीच रीत आहे. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचे १. म्हणून ‘६४४’ म्हणजे मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी केवळ वाचावे. प्रणालीच्या बहुतेक फाईलींचा मालक असतो ‘रूट’.

‘ईटीसी’ डिरेक्टरीतील ‘होस्ट्स’ ही फाईल घ्या. तीत यंत्रांची नावे व पत्ते असतात. प्रकल्पासाठी तीत एक ओळ घालावयाची आहे. फाईल उघडते, वाचता येते, पण जतन होत नाही. येथे बिघाड काहीच नाही. पहारेकरी आपले काम करीत आहे. तरीही पुष्कळजण ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा देऊन मोकळे होतात. याचा अर्थ सर्वांना सर्व मुभा! उद्या कोणत्याही खात्यावरचा कोणताही प्रोग्रॅम त्या फाईलीत बँकेच्या नावापुढे भलताच पत्ता लिहू शकेल. हीच आज्ञा साऱ्या प्रणालीवर चालविली, तर गंमत पाहा. ‘सुडो’चे नियम ज्या फाईलीत असतात ती सर्वांना लिहिता येते असे दिसताच सुडोच काम नाकारते. म्हणजे दार उघडण्याच्या नादात किल्लीच गमावली.

सरळ मार्ग अवघड नाही. सुडो हे साधन १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी घडविले. ते एका कामापुरता अधिकार देते. आधी ‘एलएस -एल’ने मालक व परवानग्या पाहाव्यात. मूळ फाईलीची प्रत ठेवावी. मग ‘सुडोएडिट’ने बदल करावा, सुडोच्या नियमांची फाईल मात्र ‘व्हीआयसुडो’नेच उघडावी, कारण जतन करण्यापूर्वी ते चूक दाखविते. विंडोजवर नोटपॅड प्रशासक म्हणून चालू करून हेच साधते. शिवाय, प्रत्येक नकार परवानगीचाच नसतो. डिस्कमध्ये दोष आढळल्यास लिनक्स ती केवळ वाचनापुरती खुली ठेवू शकते. तेथे ७७७ चा काडीचाही उपयोग नाही. म्हणून संदेश पूर्ण वाचावा. त्यात बहुधा फाईलीचे नावही असते आणि कारणही.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. प्रयोगशाळेत सारेच बंद ठेवायचे आणि कुलपाचे कारण सांगायचे नाही, अशाने मुले चोरवाटा शोधणारच. ज्याला रूटचा अधिकार कधी हाताळू दिला नाही, तो नोकरीत एकदम शेकडो लोकांच्या माहितीचा राखणदार होतो, हे अधिक धोक्याचे. यावर उपाय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आभासी यंत्र द्यावे. तेथे रूट तोच. बिघडले तर पुसून पुन्हा उभारावे. सामायिक संगणकाला झळ लागत नाही. त्याला लागणारी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात.

अधिकार हवा तेवढाच घ्यावा आणि काम होताच परत करावा, हा धडा ज्याने आज एका ओळीच्या फाईलीवर गिरविला, त्याच्या हाती उद्या मोठी यंत्रणा निर्धास्तपणे सोपविता येईल.