'एज'मध्ये आपण का नाही?

राजारामपुरीतल्या नेट कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स टू' खेळून वाढलेले माझे मित्र अजून कुरकुरतात, यात आपण का नाही? मराठे नाहीत हे एकवेळ समजतं, गेमचा काळ साधारण १६०० ला संपतो. पण यादव?

१९९९ चा हा गेम करणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ मध्ये बंद पडला. पुढे २०१२ ला काही चाहत्यांनी हौसेनं 'फरगॉटन एम्पायर्स' हा मॉड केला. वर्षभरात तो अधिकृत झाला, आणि त्या टोळक्याचाच स्टुडिओ झाला! २०२२ च्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'त त्यांनी बंगाली, द्रविड, गुर्जर आणले. देवगिरी राहिलीच.

मग रुसायचं कशाला? सिनारिओ एडिटर पहिल्यापासून गेममध्येच आहे. शिलाहार भोजाचा पन्हाळा, त्याच्यावर चालून आलेला यादव सिंघण... हा नकाशा कोल्हापूरच्या पोरांनीच करावा. तटबंदी सोपी आहे, पन्हाळ्याचा चढ जमवताना घाम फुटेल.