संशोधन कपाटात, हायड्रॉस काहिलीत

विषय गुळाचा आहे, पण आज थोडं कडू लिहितोय.

परवा एका गुऱ्हाळावर गेलो होतो. रस उकळत होता आणि गुळव्यानं सवयीनं पांढरी पावडर टाकली. हायड्रॉस. मालकांना विचारलं, तर म्हणाले, "पत्रकार, पिवळाधमक दिसला नाही तर सौद्यात विचारतंय कोण?"

गुळात सल्फर डायऑक्साईड ७० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, असा नियम आहे. नमुना फेल गेला तर अडकणार गुऱ्हाळवाला. रंग मागणारा व्यापारी नामानिराळा!

आणि उपाय काय परदेशात नाही. कोल्हापुरात कृषी विद्यापीठाचं ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. भेंडीच्या चिकट रसानं मळी वर येते, ती काढली की गूळ स्वच्छ होतो. साधारण ११८ अंशांना काहील उतरवायची, त्याला थर्मामीटर पुरतो. सगळं अभ्यासून लिहून ठेवलंय. मालकांनी यातलं ११८ पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलं. माझ्या! ज्याला उसातलं काही कळत नाही.

चूक कुणाची? प्राध्यापकांची बढती शोधनिबंध मोजून होते, काहिली मोजून नाही. निबंध इंग्रजीत आणि गुळव्या मराठी बोलणारा. पण आपणही कमी नाही. औषध दुकानदार सांगेल ते ऐकतो, संशोधन केंद्रात एक चक्कर मारत नाही.

खरं तेही सांगतो. भेंडीचा गूळ हायड्रॉससारखा पिवळा होत नाही, तांबूस राहतो. म्हणून नुसता सल्ला देऊन भागणार नाही, भावाचा पुरावा लागेल. चार-पाच गुऱ्हाळवाल्यांनी एकत्र यावं. या हंगामात थोड्या काहिली भेंडीवर काढाव्यात. जवळच्या कॉलेजचा फूड टेक्नॉलॉजीचा एखादा पोरगा प्रोजेक्टला घ्यावा. त्यानं उतारा, टिकाऊपणा, लॅबचा रिपोर्ट आणि मिळालेला भाव लिहावा. एक पान, मराठीत, गुऱ्हाळाच्या भिंतीवर. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय आहे. त्या नावासोबत रिपोर्ट दाखवला तर तांबूस गुळालाही गिऱ्हाईक मिळू शकतं.

पैसा जनतेचा, संशोधन जनतेचं. मग ते मागायला लाज कसली?

आणि तुम्ही सांगा, दुकानात तुम्ही कुठला गूळ उचलता? पिवळाच ना?