स्रोत : गूगल

बाह्य परीक्षक म्हणून अलीकडे माझ्याकडे एक प्रबंध आला. विषय अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रीरूपे. मेहनत दिसत होती. संस्कृत श्लोकाचा अर्धा चरण उद्धृत केला तरी ग्रंथ, संपादक, आवृत्ती, पृष्ठक्रमांक सगळे जागच्या जागी. मध्ये चाळीसेक चित्रे होती आणि त्यांतल्या बहुतेकांखाली दोनच शब्द : ‘स्रोत : गूगल’. काहींखाली तेवढेही नव्हते.

मी हरकत घेतली. मार्गदर्शकांचा फोन आला. सज्जन माणूस. म्हणाले, “सर, चित्रं नुसती वाचकाच्या सोयीसाठी घातलीत. मुख्य मजकूर तर चोख आहे ना?”

या वाक्याशी माझे भांडण आहे. व्यक्तीशी नाही, कारण हे वाक्य मी अनेक विद्यापीठांत, अनेक भाषांत ऐकले आहे. शब्द म्हणजे पुरावा आणि चित्र म्हणजे सजावट, ही त्यामागची समजूत. ज्या प्रबंधाचा विषयच चित्र आहे, तिथेही ती सुटत नाही!

त्या प्रबंधातले एक चित्र घेऊ. खाली लिहिले होते, ‘अजिंठा, लेणे क्र. १’. चित्र मात्र भिंतीचे नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या एका नकलेची ती छपाई होती. अजिंठ्याच्या नकला करायचे पहिले मोठे काम ईस्ट इंडिया कंपनीसाठी रॉबर्ट गिल याने केले. त्याच्या बऱ्याचशा नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६च्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२पासून हंगामामागून हंगाम तिथे राबले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५मध्ये लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. उरलेल्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते.

म्हणजे ‘अजिंठा’ म्हणून आपल्यापुढे येणारे चित्र भिंत असेल, गिल असेल, ग्रिफिथ्स असेल, हेरिंगहॅम यांच्या चमूतला एखादा हात असेल किंवा अलीकडचे छायाचित्र असेल. प्रत्येकाची रेषा वेगळी, रंग वेगळा. छायाचित्र असले तरी ते कधीचे हे सांगावे लागते, कारण रक्षणासाठी म्हणून चित्रांवर चढवलेले व्हार्निश आणि लाखेचे थर पुढे पिवळे पडले, काही ठिकाणी ते नंतर काढले गेले. एकाच भिंतीची दोन छायाचित्रे दोन वेगळे रंग सांगू शकतात. आता संशोधक जर लिहीत असेल की, ‘या आकृतीच्या ओठांवरील लालीतून चित्रकाराची शृंगारदृष्टी दिसते’, तर माझा साधा प्रश्न आहे : कोणता चित्रकार? वाकाटकांच्या काळातला, की कलाशाळेतला विद्यार्थी, की छापखान्यात शाई कालवणारा कारागीर?

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून बोलत नाही. तरुणपणी मी स्वतः बोधिसत्त्वाच्या देहवर्णावर दोन परिच्छेद झोकात लिहिले होते. समोर होती एका पुस्तकातल्या छापील पानाची रंगीत झेरॉक्स. पुढे लेण्यात प्रत्यक्ष उभा राहिलो तेव्हा कळले, की माझे दोन्ही परिच्छेद त्या झेरॉक्स यंत्राबद्दल होते. लेख छापून झाला होता. कुणी विचारले नाही, कारण चित्राखाली काही लिहिलेलेच नव्हते, मग तपासणार काय?

दुसरी गोष्ट श्रेयाची. ग्रिफिथ्सचे नाव निदान ग्रंथावर आहे. भिंतीसमोर बसून नक्कल करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, हे किती प्रबंधांत येते? वारलीचे तर विचारूच नका. चित्र छापायचे आणि खाली ‘वारली लोककला’ असे लिहून मोकळे व्हायचे. लग्नघरात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवासिनींची नावे आपण कधी विचारली नाहीत, हे झालेच. पण जिव्या सोमा म्हशे यांना तर २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कागदावरच्या चित्राखालीही जमातीचेच नाव का? शहरातल्या चित्रकाराच्या चित्राखाली आपण ‘शहरी कला’ असे लिहीत नाही. आदिवासी चित्रकाराला मात्र नाव नसते, हे आपण न बोलता ठरवून टाकले आहे, आणि प्रत्येक अर्धवट ओळ त्या ठरावावर सही करते.

यावर कायद्याचा आधार पुढे येतो. “जुनं चित्र आहे, प्रताधिकार संपलाय.” किंवा “संशोधनासाठी सूट आहे.” दोन्ही बरोबर, आणि दोन्ही गैरलागू. १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्रावरचा प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो, आणि संशोधनासाठी रास्त वापराला मुभा आहे. पण हा झाला परवानगीचा प्रश्न. नाव सांगण्याचा प्रश्न निराळा. त्याच कायद्याचे कलम ५७ कलावंताला ‘हे माझे’ म्हणण्याचा हक्क देते, प्रताधिकार विकून टाकला असला तरी. ज्ञानेश्वरीवर कुणाचाच प्रताधिकार नाही, म्हणून ओवी उतरवताना आपण ज्ञानदेवांचे नाव गाळतो का?

दुसरी तक्रार अशी, की हे सगळे परदेशी शैलीपुस्तकांचे चोचले आहेत. खरे सांगतो, स्वल्पविराम कुठे नि तिरपा टाइप कुठे, याच्यावरून विद्यार्थ्याला छळणारे परीक्षक मलाही आवडत नाहीत. शैली कोणतीही घ्या, मराठीत स्वतःची बनवा. पण सात गोष्टी सांगा : कोणी काढले, नाव काय, कधी, कशावर नि कशाने, माप किती, मूळ आज कुठे आहे, आणि तुम्ही पाहिलेली प्रतिमा कोणाची व कुठून घेतली. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ‘चित्रकार अज्ञात’ लिहा. तीही माहितीच आहे. राजा रविवर्म्यांचे तैलचित्र आणि १८९४मध्ये निघालेल्या त्यांच्या छापखान्यातला ओलिओग्राफ या दोन वस्तू आहेत. एक राजवाड्यात टांगली गेली, दुसरी देवघरात पोचली. तुमचा युक्तिवाद कोणत्या वस्तूवर उभा आहे, एवढेच मी विचारतो.

आणि गूगल? गूगल हा शोधण्याचा रस्ता आहे. ‘हे पुस्तक कुठून मिळाले’ असे विचारल्यावर ‘रिक्षाने’ असे उत्तर कुणी देत नाही.

तो प्रबंध मी नाकारलेला नाही. दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे. विद्यार्थिनीचा नंतर फोन आला. रागावली असेल असे वाटले होते. ती म्हणाली, “सर, चाळीसपैकी अकरा चित्रं भिंतीची नाहीतच. माझं तिसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागणार.” मग जरा थांबून तिने विचारले, “पण हे मला पाच वर्षांत कुणी सांगितलं का नाही?”

या प्रश्नाला मी उत्तर दिलेले नाही. ते तिच्या मार्गदर्शकांनी, विभागाने आणि माझ्यासारख्या, आजवर अशा प्रबंधांवर मुकाट्याने सह्या करत आलेल्या परीक्षकांनी द्यायचे आहे.