शेजारची वीज

आष्टीत रब्बीच्या ज्वारी-कांद्याला पाणी देताना निम्म्या वेळा वीज रात्रीचीच. घरातला माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर, बाई दाराकडे कान लावून. याच थंडीत भारत नेपाळला वीज विकतो, कारण तिथल्या नद्यांचं पाणी उतरतं. पावसाळ्यात उलटं: नेपाळ विकतो. २०२४ च्या करारानुसार त्याची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला जाते. (भारत स्वतः २०१३ पासून बांगलादेशला वीज देतो.)

‘त्यांना वीज, आम्हाला अंधार?’ हा प्रश्न रास्त, पण रोख चुकतो. सगळे पंप एकदम चालू नयेत म्हणून शेतीच्या वाहिन्या पाळीने चालतात. दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे. आपल्या भागात तिचं काम कुठवर आलं, हे ग्रामसभेत विचारा, बायकांनीही.