"डावीकडेच तर वळायचंय!" म्हणणाऱ्यांसाठी

फॉर्म्युला वन किंवा इंडीकारमधला एखादा नावाजलेला ड्रायव्हर नॅस्कारच्या स्टॉक कारमध्ये बसला, की आपल्याकडच्या रेसिंगप्रेमी मंडळींची प्रतिक्रिया ठरलेली असते. तो जातो तेव्हा, "तिथे काय, गोल गोल तर फिरायचंय, सगळ्यांना धूळ चारेल." आणि दोन वर्षांनी रिकाम्या हातांनी परत आला की, "संपलाच होता तो, म्हणून तर गेला."

माझं म्हणणं असं की ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण गृहीत धरतो की गाडी चालवणं ही एकच कला आहे, तिची एकच शिडी आहे, वरच्या पायरीवर फॉर्म्युला वन आणि बाकी सगळे खाली. म्हणजे वरून खाली उतरणाऱ्याला सगळं सोपंच जायला हवं! तसं होत नाही. का होत नाही, ते जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी जुनी गोष्ट. मारिओ आंद्रेत्तीने १९६७ ची डेटोना ५०० जिंकली, १९६९ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली आणि १९७८ मध्ये तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ए. जे. फॉइट चार वेळा इंडी ५०० जिंकला आणि १९७२ मध्ये डेटोना ५०० सुद्धा. ही नावं घेऊन लोक म्हणतात, "बघा, खरा ड्रायव्हर कुठेही जिंकतो." पण एक गोष्ट विसरतात. ती माणसं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत 'गेली' नव्हती, ती आधीपासूनच सगळ्यात बसत होती. मातीचा ट्रॅक, डांबरी ट्रॅक, छोटी मिजेट, स्प्रिंट कार, स्टॉक कार, मिळेल ते चालवायचं. हातांना सगळ्या सवयी एकदमच लागल्या. आजचा ओपन-व्हील ड्रायव्हर आठव्या वर्षी कार्टमध्ये बसतो आणि विशीत पोचेपर्यंत एकाच प्रकारच्या गाड्यांत वाढतो. त्याची फॉइटशी तुलना करून त्याला नापास ठरवणं हा अन्याय आहे.

आता मोठी लाट आली ती २००६ ते २००८ च्या काळात. ती का आली, हे समजून घेतलं पाहिजे. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ओपन-व्हील रेसिंगची फाळणी झाली. एकीकडे कार्ट, दुसरीकडे आयआरएल. भाऊबंदकीत शेत वाटलं जातं तसं झालं, दोघांच्याही वाट्याला पुरेसं आलं नाही. प्रेक्षक विभागले, स्पॉन्सर विटले. त्याच काळात नॅस्कारकडे टीव्हीचा आणि जाहिरातींचा पैसा धो धो वाहत होता. २००८ मध्ये दोन्ही मालिका पुन्हा एक झाल्या, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. तेव्हा हे ड्रायव्हर 'संपले' म्हणून गेले नाहीत, त्यांच्या घरातला पैसा संपत आला होता म्हणून गेले. हा फरक मोठा आहे.

कोण कोण गेलं बघा. ह्वान पाब्लो मोंतोया, फॉर्म्युला वनमध्ये सात विजय, त्याआधी १९९९ चा कार्ट विजेता, २००० ची इंडी ५०० खिशात. सॅम हॉर्निश, तीन वेळा इंडीकार चॅम्पियन, २००६ चा इंडी ५०० विजेता. डारिओ फ्रँकिटी, २००७ मध्ये इंडी ५०० आणि चॅम्पियनशिप दोन्ही. जॅक व्हिलनव्ह, १९९७ चा फॉर्म्युला वन जगज्जेता. ए. जे. ऑलमेंडिंगर, २००६ च्या एकाच मोसमात चँप कारमध्ये पाच विजय. यातला एकही माणूस लिंबू-टिंबू नाही.

आणि झालं काय? व्हिलनव्ह २००८ च्या डेटोना ५०० साठी पात्रच ठरला नाही, स्पॉन्सर नव्हता, गाडी गेली. ऑलमेंडिंगरला २००७ मध्ये निम्म्याहून जास्त शर्यतींत जागा मिळाली नाही. फ्रँकिटीचा टॅलाडेगाला घोटा मोडला आणि त्या जुलैत पैशाअभावी त्याची टीमच बंद झाली. हॉर्निशला कपमध्ये एकही विजय मिळाला नाही. मोंतोया सात पूर्ण मोसम टिकला, २००९ मध्ये आठवा आला, पण त्याचे कपमधले दोन्ही विजय, २००७ चा सोनोमा आणि २०१० चा वॉटकिन्स ग्लेन, हे डावी-उजवी वळणं असलेल्या रोड कोर्सवरचे. ओव्हलवर एकही नाही. २००९ मध्ये इंडियानापोलिसला १६० पैकी ११६ लॅप तो पुढे होता. पिटमध्ये वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड बसला आणि अकरावा आला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

आता "डावीकडेच तर वळायचंय" याकडे येऊ.

पहिलं, वजन. त्या काळातली इंडीकार साधारण ७०० किलोची. कपची स्टॉक कार दीड हजार किलोच्या वर. म्हणजे दुपटीहून जास्त वजन, आणि रस्त्याला धरून ठेवणारी हवेची दाब-शक्ती त्या मानाने फारच कमी. ओपन-व्हील गाडीत वेग वाढला की पकड वाढते, त्यामुळे ड्रायव्हरला शिकवलेलं असतं की गाडीवर विश्वास ठेव, दाब पाय. स्टॉक कारमध्ये हाच विश्वास तुम्हाला भिंतीवर नेऊन आपटतो. तिथे गाडीचा मागचा भाग सतत थोडा सरकत असतो आणि ते सरकणं सांभाळत चालवायचं असतं. वीस वर्षं हातांना लागलेली सवय मोडायची, तीही ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास. बोला!

दुसरं, अंगाला अंग. ओपन-व्हीलमध्ये चाकाला चाक लागलं तर गाडी हवेत उडू शकते. म्हणून तिथे अंतर राखणं हा जीव वाचवण्याचा धडा. नॅस्कारमध्ये जवळ जाणं हेच हत्यार. पुढच्याच्या मागे चिकटून हवेचा आडोसा घ्यायचा, शेजारून जाताना त्याच्या गाडीवरची हवा बिघडवून त्याला हळू करायचं, वेळप्रसंगी धक्काही द्यायचा. आणि कोणाला धक्का दिला, कोणाला वाट दिली, याचा हिशेब वर्षभर चालतो. ३६ शर्यती, तीच चाळीसेक माणसं. आज ज्याला आडवं घातलं तो पुढच्या रविवारी शेजारीच असतो. हे पुस्तकात नसतं, त्या गावात राहूनच कळतं.

तिसरं, भाषा. फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरची गाडी काय करते आहे हे इंजिनिअरला पडद्यावर आकड्यांत दिसतं. त्या काळात नॅस्कारच्या शर्यतीत तशी सोय नव्हती. ड्रायव्हरने रेडिओवर सांगायचं, मागचं सुटतंय की पुढचं वळत नाहीये, किती, कुठल्या वळणावर. त्यावरून पिटमध्ये बदल होणार. चुकीचं सांगितलं की चुकीचा बदल, आणि आठशे किलोमीटरच्या शर्यतीत ती चूक घेऊन फिरायचं. ज्याने ती बोली लहानपणापासून ऐकलेली नाही, त्याने पहिल्याच वर्षी ती अस्खलित बोलावी ही अपेक्षा कुठली?

चौथं, सराव. २००९ च्या मोसमापासून नॅस्कारने खर्च कमी करायला आपल्या मालिकांच्या ट्रॅकवरची खासगी चाचणी बंद केली. निर्णय खर्चाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण फटका कोणाला? जुन्या खोडांना नाही, नवशिक्यांनाच. वर पहिल्या ३५ टीमना जागा राखीव. म्हणजे नव्या टीमचा नवा ड्रायव्हर शुक्रवारी पात्रतेत हुकला, की रविवारी शिकायचीही संधी नाही. पोहायला शिकायचंय, पण पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असला प्रकार.

आता कोणी म्हणेल, "मग टोनी स्टुअर्ट कसा जिंकला?" बरोबर प्रश्न आहे. स्टुअर्ट १९९७ चा आयआरएल चॅम्पियन, आणि नंतर २००२, २००५, २०११ असा तीनदा कप चॅम्पियन. पण तो वाढला कुठे? मातीच्या ओव्हलवर, मिजेट आणि स्प्रिंट कारमध्ये, जिथे गाडी सरकवतच चालवतात. इंडीकार त्याच्या वाटेवरचा एक मुक्काम होता. उलट बाजूने शेन व्हॅन गिसबर्गन बघा. २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पहिल्याच कप शर्यतीत जिंकला, असं १९६३ नंतर पहिल्यांदाच घडलं. पण तो ओपन-व्हीलमधून आलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्समधून आला होता, म्हणजे जड, छप्पर असलेल्या, एकमेकांना घासत जाणाऱ्या गाड्यांतून. आणि २०२५ मध्ये त्याने पाच शर्यती जिंकल्या त्याही सगळ्या रोड किंवा स्ट्रीट कोर्सवर. ओव्हल त्यालाही शिकावाच लागतोय. म्हणजे मुद्दा गुणवत्तेचा नाही, हाताला कुठली माती लागली आहे त्याचा आहे.

माती म्हटल्यावर आपल्याला हे सांगायला नको. खाशाबा जाधव मातीतले पैलवान. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य जिंकलं. मधल्या चार वर्षांत काही गुणवत्ता जन्माला आली नाही, ती होतीच. मॅट अंगवळणी पडायला वेळ मिळाला.

या ड्रायव्हरांना नेमका तोच वेळ मिळाला नाही. माझा राग इथे आहे. टीमना आणि स्पॉन्सरना ड्रायव्हर नको होता, पोस्टरवर लावायला नाव हवं होतं. चॅम्पियन आणला, फोटो काढले, टोप्या विकल्या, आणि थेट कपच्या सर्वांत वरच्या वर्गात ढकलून दिला. हॉर्निशची गोष्ट याचा पुरावा आहे. कपमधली जागा गेल्यावर तो एक पायरी खाली, नेशनवाइड मालिकेत उतरला. तिथे २०११ ला फिनिक्स जिंकला, २०१३ ला लास वेगास, आणि त्या वर्षीची चॅम्पियनशिप फक्त ३ गुणांनी हुकली. खालच्या वर्गात शिकला आणि शिकून जिंकला. जे आधी करायचं ते नंतर केलं. ऑलमेंडिंगरला पहिला कप विजय २०१४ ला मिळाला, पदार्पणानंतर सात वर्षांनी. किती जणांना सात वर्षं मिळतात?

आणि फ्रँकिटी 'संपला' होता म्हणता? २००९ मध्ये इंडीकारला परतला आणि लागोपाठ तीन वेळा चॅम्पियन झाला, वर २०१० आणि २०१२ ची इंडी ५००. मोंतोयानेही परत येऊन २०१५ ला इंडी ५०० जिंकली. तोच माणूस, तेच हात. बदलली फक्त गाडी.

डॅनिका पॅट्रिकबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. कपमध्ये १९१ शर्यती, सात वेळा पहिल्या दहात, २०१३ च्या डेटोना ५०० ला पोल, विजय शून्य. आकडे साधारण आहेत, गोड बोलण्यात अर्थ नाही. तिला नेशनवाइडमध्ये शिकायलाही मिळालं होतं, हेही खरं. पण हॉर्निशलाही कपमध्ये विजय शून्यच, आणि त्यावरून "पुरुषांचं हे काम नव्हे" असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिच्याबाबतीत मात्र प्रत्येक भिंतीला लागलेली गाडी सगळ्या बायकांच्या खात्यावर जमा झाली.

आपला नारायण कार्तिकेयनही या वाटेने गेला होता, हे किती जणांना आठवतं? २००५ ला फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, २०१० ला नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलला, अर्ध्या मैलाच्या त्या चिंचोळ्या ट्रॅकवर, पहिल्याच शर्यतीत तेरावा. त्या मोसमात मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर हा किताबही त्याला मिळाला. २०११ ला तो फॉर्म्युला वनमध्ये परतला. त्याने ट्रकपासून सुरुवात केली, हे माझ्या मते योग्यच होतं. आपण मात्र "फॉर्म्युला वनवाला आता ट्रक चालवतोय" म्हणून हसलो.

एक आक्षेप येणार हे माहीत आहे. "अहो, लाखो डॉलर घेऊन गेले, त्यांची कसली कीव करता?" कीव करतच नाहीये. पैसे घेतले, धोका पत्करला, हिशेब त्यांचा त्यांनी बघावा. मी बोलतोय ते आपल्याबद्दल. ज्या कामात आपण स्वतः हात घातलेला नाही, ते सोपं समजण्याची जी खोड आपल्याला आहे, तिच्याबद्दल. स्टॉक कारवाले गावठी, ओपन-व्हीलवाले खानदानी, ही उतरंड आपण मनात रचली आहे. सात वेळचा कप चॅम्पियन जिमी जॉन्सन २०२१ ला उलट्या वाटेने इंडीकारमध्ये गेला, तेव्हा त्यालाही दोन मोसमांत विजय मिळाला नाही. मग खानदानी कोण आणि गावठी कोण?

तेव्हा पुढच्या वेळी असा कोणी गेला की निकालाच्या आधी तीन गोष्टी बघा. त्याला खालच्या मालिकेत किती शर्यती दिल्या? स्पॉन्सर किती वर्षांचा आहे? आणि ओव्हलवर सरावाला किती वेळ मिळाला? तिन्हींचं उत्तर "जवळपास शून्य" असेल, तर तो हरल्यावर त्याला हसू नका. त्याला तिथे तसा बसवणाऱ्याला प्रश्न विचारा.

तुमचं मत वेगळं असेल तर खाली जरूर लिहा, वाद घालू. फक्त "डावीकडेच तर वळायचंय" एवढं एकच वाक्य लिहून पळू नका.