घरसंसार : पिल्लं अंड्यातच का मरतात?



गेल्या वर्षी आम्ही थर्माकोलचा खोका, बल्ब आणि थर्मोस्टॅट जोडून घरीच उबवणीची पेटी केली. ३० गावरान अंडी ठेवली. पिल्लं निघाली फक्त ११. शेजारच्या आजी म्हणाल्या, "नजर लागली." दुसऱ्या कुणी आमच्या सूनबाईंच्या पाळीला दोष दिला. सूनबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला जो धम्म दिला, त्यात नजर आणि विटाळ यांना जागा नाही. कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. म्हणून उरलेली १९ अंडी आम्ही फोडून पाहिली. ७ कोरी होती. १२ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मेलेली होती.

कोऱ्या अंड्यांचा दोष आमचाच. आम्ही पंधरा दिवस अंडी साठवली होती. सात दिवसांहून जुनी अंडी ठेवू नयेत. निमुळतं टोक खाली करून ती थंड जागी ठेवावीत, धुऊ नयेत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवाच. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला. काहीच दिसलं नाही तर अंडं काढून टाका. वास मारणारं अंडं लगेच काढा, ते फुटलं तर सगळी पेटी नासते.

पंख्याच्या पेटीत उष्णता ९९.५ अंश फॅरनहाइट ठेवावी. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या बाजूला १०१ ते १०२ अंश. पिल्लं २१ दिवसांच्या आधीच निघाली तर उष्णता जास्त, उशिरा निघाली तर कमी समजावी. दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवावीत. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद करावं आणि पाण्याची भांडी वाढवून ओल ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी.

आमची १२ पिल्लं इथंच गेली. शेवटच्या तीन दिवसांत आम्ही कौतुकानं सारखं झाकण उघडत होतो. ओल उडाली, आतला पापुद्रा वाळून पिल्लांना चिकटला. अंड्याला चोच मारल्यावर बाहेर यायला पिल्लाला १२ ते २४ तास लागतात. घाईनं कवच सोलू नका, रक्तस्राव होऊन पिल्लू मरतं. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस राहतं. ते वाळेपर्यंत पेटीतच असू द्या. वीज गेली तर झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाका. तास-दोन तासांनी सहसा बिघडत नाही. मात्र हवेची भोकं अगदी बुजवू नका.

मज्झिम निकायातल्या चेतोखिल सुत्तात तथागतांनी कोंबडीचाच दाखला दिला आहे. तिनं अंडी नीट उबवली असतील, तर तिनं इच्छा केली नाही तरी पिल्लं कवच फोडून सुखरूप बाहेर येतात. काम नीट केलं की फळ येतंच.

पुढच्या खेपेला पेटीची सगळी जबाबदारी सूनबाईंनीच घेतली. पाळीच्या दिवसांतही अंडी त्यांनीच फिरवली. ३० पैकी २३ पिल्लं निघाली. ती पाहायला आजीही आल्या. सूनबाईंनी त्यांच्या ओंजळीत एक पिल्लू ठेवलं. नजरेचं नाव मग कुणी काढलं नाही.

जयभीम!