अंतर किलोमीटरात नव्हे, तासांत मोजा



गेल्या महिन्यात एका गावी गटसभेला गेलो होतो. तोडीचा विषय निघायच्या आधी गप्पा निघाल्या तिरुपतीच्या. २०१९ साली कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झाले, तेव्हा एक सभासद त्यातून जाऊन आले होते. ते म्हणाले, "काय सांगू साहेब, दीड तासात बालाजी!" शेजारचे एक म्हातारबा लगेच म्हणाले, "पहाटं घर सोडलंस अन् डोंगरावर पोचलास दुपारी. मधलं तास कुठं गेलं रं?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा आहे. हिशेब मांडू या.

उजळाईवाडीच्या विमानतळापासून तिरुपतीजवळच्या रेणीगुंट्याच्या विमानतळापर्यंत सरळ हवाई अंतर सुमारे ६५० किलोमीटर. सडकेने तेच ८०० च्या वर जाते. पंख्याचे लहान विमान ताशी ५०० किलोमीटर धरले तर सव्वा तास. चढणे, उतरणे आणि धावपट्टीवरचे फिरणे मिळवून दीड तास. जेट असेल तर आणखी कमी. इथपर्यंत आमचे सभासद खोटे बोलले नाहीत.

आता बाकीचे तास मोजा. गावाहून विमानतळ सव्वा तास. सामान, तपासणी यासाठी आधी पोचायचे दोन तास. उतरल्यावर पिशव्या मिळेपर्यंत अर्धा तास. तिथून गाडीने तिरुपती गाव, मग घाट चढून तिरुमला, असा दीड तास. म्हणजे उंबऱ्यापासून डोंगरापर्यंत पावणेसात तास, आणि त्यात हवेतले फक्त दीड! थेट विमान नसले आणि हैदराबाद किंवा बंगळूरला बदलावे लागले, तर बसून राहणे आणखी वाढते.

यावरून विमान वाईट असे कुणी समजू नये. हरिप्रिया एक्सप्रेसला दुपारपासून दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडते. मुद्दा एवढाच, की वेळ प्रवासात कमी आणि थांबण्यात जास्त जातो.

आपल्या उसाचेही नेमके असेच होते. सभासद माझ्याकडे येऊन भांडतात, "आमचा गट लांब, म्हणून ऊस वाळतो." अहो, पंचवीस किलोमीटर यायला ट्रॅक्टरला दोन तास पुरतात. ऊस वाळतो तो फडात मोळ्या पडून आणि कारखान्याच्या वाहनतळावर नंबर लावून. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते, साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. उन्हात आणि जळिताच्या उसात हे जास्त वेगाने होते. वजनाचा तोटा एकट्याचा. उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा, कारण भाव सगळ्या कारखान्याच्या उताऱ्यावर ठरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की तोडणी चिठ्ठीवर कोयता लागल्याची वेळ लिहिली जावी आणि काट्यावर तिच्यापुढे वजनाची वेळ पडावी. मग दोष कुणाचा, फडाचा की वाहनतळाचा, हे कागदच बोलेल. त्यात आमच्या ऊस विकास खात्याची चूक निघाली तर ती आम्ही झाकणार नाही. सभासदांनीही वाहन ठरल्याशिवाय टोळीला कोयता लावू देऊ नये.

बालाजी उशिरा गेले तरी पावतो. उसाचे तसे नाही!

आपला,
ऊस विकास अधिकारी